खांबेटे सरांचं टोपणनाव

भोरमध्ये वसंतराव खांबेट्यांच्या घराची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी आतून एक शब्द येतो, "आलोच." त्यानंतर पाच मिनिटं कुणीही येत नाही. वसंतराव चष्मा शोधतात, मग शर्ट शोधतात, मग शर्टाच्या खिशात आधीच असलेला दुसरा चष्मा सापडला म्हणून पहिला जागेवर ठेवायला जातात. सिलिंडरवाल्याला हे सगळं पाठ झालं आहे. तो बेल वाजवतो, शेजारच्या दोन घरांतले सिलिंडर उतरवतो आणि मग यांच्या दाराशी येऊन उभा राहतो. फोन वाजला तरी वसंतराव फोनलाच लांबून "आलोच" सांगतात.

वय बहात्तर. गुंजवण्याच्या खोऱ्यात, राजगडाच्या पायथ्याच्या बाजूला असलेल्या एका बोर्डिंगात सव्वीस वर्षं ते गृहपती होते. गृहपती म्हणजे मुलांच्या राहण्या-जेवण्याची, शिस्तीची, खरूज-खोकल्याची जबाबदारी ज्याच्या गळ्यात असते तो माणूस. घरात हे पद अर्थातच त्यांच्या पत्नी शुभाताईंकडे होतं, पण बोर्डिंगातल्या शंभर पोरांचं राज्य वसंतरावांचं.

आणि पोरं कसली. वेल्ह्याच्या डोंगरातून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आलेली, पहिल्याच आठवड्यात भाताच्या खाचरात कुस्ती खेळून दात पाडून घेणारी, गावातल्या पोरांशी दगडांनी बोलणारी. पेरूच्या झाडाला त्यांनी कधी पेरू पिकू दिला नाही. वसंतराव एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात हजेरीची वही घेऊन व्हरांड्यातून फिरायचे. मारायचे क्वचित. पण "कोण आहे रे तिकडं? आलोच," असं म्हणून निघाले की मधल्या अंतरातच पोरं पांगायची.

पोरांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. मुख्याध्यापक कधीच वेळेवर येत नसत, ते 'बंद घड्याळ'. गणिताचे मास्तर 'पावकी'. आमटीत डाळ शोधावी लागायची म्हणून स्वयंपाक्याचं नाव 'पाणीपुरवठा'. ही नावं वसंतरावांना माहीत होती, आवडतही होती. घरी जेवताना ते शुभाताईंना म्हणायचे, आज पाणीपुरवठा फार जोरात होता.

पण माझं नाव काय? हा भुंगा त्यांच्या डोक्याला पहिल्या वर्षी लागला तो लागलाच. त्यांनी वह्यांची मागची पानं तपासली. संडासाच्या भिंती तपासल्या, आणि त्या भिंती वाचायला काळीज लागतं. बाकांच्या खालच्या बाजू पाहिल्या. सगळ्यांची नावं होती, त्यांचं नव्हतं. शेवटी त्यांनी एका पोराला समोर उभं केलं, शिक्षा करणार नाही असा शब्द दिला आणि सरळ विचारलं. पोरगं जमिनीकडं बघत म्हणालं, "तुमाला न्हाई नाव, सर."

त्यातून वसंतरावांना दोनच गोष्टी दिसत होत्या. एक तर पोरांनी आपल्याला नाव ठेवण्याइतकंही मोजलं नाही. नाही तर ठेवलेलं नाव इतकं वाईट आहे की ते तोंडातून काढण्याची त्यांची हिंमत होत नाही. यातलं जास्त वाईट काय, हे ठरवता ठरवता ते निवृत्त झाले. आपण त्या पोरांचे कोण होतो, हे त्या एका शब्दात लिहिलेलं आहे आणि तो शब्द आपल्याला कुणी वाचू देत नाही, ही सल घेऊनच ते भोरला राहायला आले.

एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता आणि निरोप समारंभात त्यांनी ती सांगितली. माझ्या मुलांना कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही, ते म्हणाले. मी व्हरांड्यात पाऊल टाकायचा अवकाश, पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत 'आलोच, आलोच' असा आवाज जायचा आणि सगळे हातात पुस्तक घेऊन तयार. पोरं शुद्ध बोलायलाही शिकली ती त्यातूनच. त्यांनी वार्षिक अहवालातसुद्धा तसं लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांच्या शिस्तीबरोबर भाषेतही समाधानकारक सुधारणा आहे. समारंभात यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. माजी विद्यार्थी पोट धरून हसत होते, पावकी मास्तर रुमालानं डोळे पुसत होते. एवढं प्रेम बघून वसंतरावांना पुढचं भाषण जमलं नाही.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता सारोळ्याला जाऊ.

भोरमध्ये गॅरेजं काही कमी नाहीत, पण वसंतराव स्कूटर दुरुस्तीला सारोळ्यालाच नेतात, कारण तिथं हायवेला गोरखचं गॅरेज आहे आणि गोरख बोर्डिंगातला. आता बेचाळीस वर्षांचा, ढेरी सुटलेला, दोन पोरांचा बाप. गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी वसंतराव तिथं पोचले तेव्हा गोरख स्टुलावर बसून मोबाईलमध्ये डोकं घालून होता. सरांना बघताच त्यानं मोबाईल एका मोटारसायकलच्या सीटखाली कोंबला आणि हातात पाना धरून उभा राहिला. पाना उलटा होता.

वसंतरावांनी हात पुढं केला. गोरखनं मोबाईल काढून दिला. काही सवयी ढेरीनं जात नाहीत.

पडद्यावर बोर्डिंग होतं. त्यांचं बोर्डिंग. कौलं, विहीर, पेरूचं झाड, वर राजगड. गोरखनं मान खाली घालून सांगितलं, की स्वरूपनं गेम काढलाय. स्वरूप म्हणजे बोर्डिंगातलाच, गुंजवण्याचा, धरणात जमीन गेलेल्यांच्यातला. पुण्यात कॉम्प्युटरवर असले खेळ बनवतो. यात एक पोरगं पेटी घेऊन बोर्डिंगात येतं आणि पुढं त्यानं काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. शाळेत जा, शाळा बुडवा, मारामारी करा, सायकल घेऊन थेट वेल्ह्यापर्यंत जा. याला ओपन वर्ल्ड म्हणतात.

वसंतरावांना हे पटलं नाही. आपल्या बोर्डिंगचं फाटक साडेसहाला बंद व्हायचं, यात ओपन काय, असं त्यांनी विचारलं. मग उगाच स्कूटरच्या हँडलवर बोट फिरवत, त्यांनी खरा प्रश्न काढला.

"मी आहे का रे त्यात?"

"हायसा की सर. तुमच्याबिगर कसं?"

"कोणत्या नावानं?"

गोरखनं स्कूटरकडं बघितलं, हायवेकडं बघितलं. म्हणाला, "सर, ऑईल बदलाया लागतंय बगा."

म्हणजे नाव होतं. सव्वीस वर्षं आणि वर निवृत्तीची चौदा, अशी चाळीस वर्षं हुकलेलं नाव त्या मोबाईलमध्ये होतं. वसंतरावांना सारोळ्याहून भोरला कसे आलो ते आठवलं नाही.

गोरख दोन दिवसांनी स्कूटर पोचवायला आला तेव्हा शुभाताईंनी त्याला चहा दिला आणि चहाबरोबर तो खेळ आपल्या टॅबवर टाकून घेतला. मुलानं दिलेल्या त्या टॅबवर शुभाताई रोज पत्ते खेळतात, त्यामुळं त्यांचं बोट सरावलेलं. पहिल्या अर्ध्या तासात त्यांच्या पोरानं तीन पेरू चोरले, एका दांडगटाला खाचरात लोळवलं आणि पावकी मास्तरांची सायकल घेऊन पोबारा केला. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर त्याचं टोपणनाव अक्षरांत तरंगत होतं. वसंतराव मागं उभे राहून, अगं काय करतेस, अगं घंटा झाली, असं करत होते. शेवटी त्यांना बघवेना. त्यांनी टॅब हातात घेतला.

त्यांच्या हातात आल्यावर ते पोरगं सुधारलं. ते पहाटे उठलं, प्रार्थनेला सर्वांत पुढं उभं राहिलं, ताट स्वतः घासलं. अभ्यासाच्या तासाला मांडी घालून बसलं आणि तास संपेपर्यंत हललं नाही. खेळातले तीन दिवस त्यांनी असे काढले. दांडगट येऊन धक्का मारायचे, तर पोरगं बाजूला व्हायचं. बंद घड्याळ दिसले, पाणीपुरवठा दिसले, गृहपती कुठंही दिसले नाहीत.

"या खेळात मी नाहीच," वसंतराव हिरमुसून म्हणाले.

शुभाताई घेवडा मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की अहो, तुम्ही गुणी पोराकडं कधी जात होता का? दंगा असेल तिथं जायचात. स्वतःला भेटायचं असेल तर दंगा करा.

हे खरं होतं आणि त्यामुळंच अवघड होतं. वसंतरावांनी आयुष्यात शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नव्हता. त्यांनी पोराला पेरूच्या झाडापाशी नेलं, एक पेरू तोडायला लावला, आणि लगेच तो झाडाखाली ठेवून द्यायला लावला. दुसऱ्या दिवशी कोठीतल्या शेंगा घेतल्या, फक्त एक मूठ. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना चव लागली. बंद घड्याळांच्या खोलीच्या पत्र्यावर त्यांनी दगड मारला. आवाज फार छान आला. त्यांनी आणखी चार मारले. सव्वीस वर्षं ज्या मुख्याध्यापकांपुढं हात जोडून उभे राहिले होते, त्यांना पत्र्याखालून बाहेर येऊन इकडंतिकडं बघताना पाहून ते इतके हसले की शुभाताईंना पाणी आणून द्यावं लागलं.

मग ते खोलीत शिरले आणि त्यांनी उशांची मारामारी सुरू केली. अख्खी खोली पेटली. तेवढ्यात दाराशी पहारा देणारं एक पोरगं ओरडलं, "आलोच!" पुढच्या खोलीतनं तोच आवाज, त्याच्या पुढच्या खोलीतनंही. उशा जागेवर, मांड्या जमिनीवर, पुस्तकं हातात.

"बघ," वसंतराव म्हणाले. "बघ शुभा, हेच मी सांगतो. अशी शिस्त होती. स्वरूप विसरला नाही."

व्हरांड्यातून चपलांचा आवाज आला. हाफ स्वेटर, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात हजेरीची वही. आणि डोक्यावर, बाकी सगळ्यांच्या असतात तशी, तीन अक्षरं तरंगत होती. आलोच.

वसंतरावांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. टॅबमधले वसंतराव चालत चालत निघून गेले.

"हे माझं नाव?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून." शुभाताईंनी घेवड्याची एक शीर ओढून काढली. "अहो, ती पोरं एरवी 'येतुया' म्हणायची, 'आलू' म्हणायची. 'आलोच' कुठलं म्हणतायत? तुम्हाला कधी शंका नाही आली?"

शंका कशी येणार? त्यांनी तर ती भाषेतली सुधारणा म्हणून अहवालात लिहिली होती. सव्वीस वर्षं पोरं त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच कानादेखत, ते आल्याची खबर त्यांच्याच नावानं देत होती. आणि ते मान डोलवत व्हरांड्यातून जात होते. निरोप समारंभातले ते हसणारे चेहरे आता एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोर आले. पावकी मास्तरांनी डोळे का पुसले तेही कळलं. बायकोपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्या बोर्डिंगाला माहीत असलेली गोष्ट न कळलेला एकटा माणूस म्हणजे गृहपती. वसंतरावांना फार लागलं. नुसती लाज असती तर चाललं असतं. पण ज्या एका गोष्टीच्या जोरावर आपण मुलांचे कुणीतरी होतो असं ते मानत होते, ती गोष्टच नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला. बेल वाजली की ते गप्प राहत. सिलिंडरवाल्याला आतून आवाज आला नाही, म्हणून घरात कुणी नाही असं समजून तो सिलिंडर परत घेऊन गेला. शुभाताईंनी जेवायला हाक मारली तर ते "येत आहे" म्हणत. बातम्या देणारा माणूस बोलतो तसं ते ऐकू येई. एकदा तोंडातून "आलो" एवढं निसटलं आणि 'च' त्यांनी दातांखाली चावला. शुभाताईंनी चार दिवस हे चालू दिलं आणि पाचव्या दिवशी गोरखला फोन केला.

त्याच दुपारी स्वरूप पुण्याहून आला. चौतिशीचा, दाढी राखलेला, पाठीवर सॅक. त्यानं वाकून नमस्कार केला आणि उभाच राहिला. वसंतराव बस म्हणाले नाहीत.

"छान काढलंयस," ते म्हणाले. "आता अख्ख्या महाराष्ट्राला कळेल मी किती बावळट होतो ते."

स्वरूपनं विचारलं, "सर, तुम्ही खेळलात ना? तुमचं पोरगं एकदाही पडलं नाही का? मार खाऊन, विहिरीत, कुठंही?"

पडू कशाला देऊ, वसंतराव म्हणाले. त्यांनी पोराला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. भांडण दिसलं की पळवत नेलं होतं.

स्वरूपनं टेबलावरचा टॅब उचलला. पोराला मैदानामागं नेलं, तिथं चार दांडगट उभे होते, त्यांच्या मधोमध नेऊन सोडलं आणि बोट काढून घेतलं. वसंतराव, अरे अरे, करत खुर्चीतून उठले. पोरगं खाली पडलं. पडदा हळूहळू काळा झाला.

काळ्या पडद्यावर काही वेळ काहीच नव्हतं. मग लांबून चपला वाजल्या. आणि आवाज आला, "आलोच."

पोरानं डोळे उघडले तेव्हा ते गृहपतींच्या खोलीत खाटेवर होतं. अंगावर तपकिरी घोंगडी होती, जी शुभाताईंच्या माळ्यावर अजून आहे. शेजारी पेजेची वाटी होती. चांगलं व्हायला या खेळात दुसरा रस्ता नाही, स्वरूपनं सांगितलं. कुठंही पडा, डोंगरावर पडा, वेल्ह्याच्या स्टँडवर पडा, हाच आवाज येतो आणि याच खाटेवर जाग येते.

मग तो खाली बघत बोलू लागला आणि बोलता बोलता त्याची पुण्याची भाषा सुटली.

"मी सहावीत व्हतो. ताप व्हता. सगळी पोरं शाळंत, खोलीत मी एकटाच. दुपारची येळ. म्या आईला हाक मारली सर. ती कुठं असणार, ती आमचं बिऱ्हाड हलवीत व्हती. पर तुमी पलीकडनं म्हनलात, आलोच." त्यानं सॅकचा पट्टा सावरला. "नाव आमच्या आदीच पडल्यालं. मोठी पोरं सांगायची, आलोच ऐकलं की पळायचं. त्या दिसापासून मला कळायचंच न्हाई, पळायचं का थांबायचं."

वसंतरावांना तो ताप आठवत नव्हता. ताप शंभर पोरांना यायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच धरून ठेवला. शेवटी म्हणाले, "बस. उभा का आहेस?"

स्वरूप बसला आणि मग त्याचं खरं काम निघालं. खेळातला आवाज त्यानं स्वतः दिला होता आणि बोर्डिंगातल्या सगळ्यांनी त्या आवाजाला नावं ठेवली होती. गोरख तर म्हणाला, हा आलोच ऐकून मेलेलं पोरगं जिवंत होणार न्हाई. सरांचाच आवाज हवा होता. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला, चालू केला आणि, म्हणा सर, असं म्हणाला.

वसंतराव उभे राहिले. स्वेटर नीट केला. घसा साफ केला. "आलोच," ते म्हणाले, शिक्षणाधिकाऱ्यांच्या स्वागताला म्हणावं तसं. स्वरूपनं मान हलवली. मग त्यांनी तीन अक्षरं वेगवेगळी, श्रुतलेखनाला घालतात तशी म्हटली. मग प्रेमानं म्हणून पाहिलं, ते ऐकून दोघंही संकोचले. मग रागावून. पंधरा-वीस वेळा झालं. आयुष्यभर ज्यांच्या तोंडून तो शब्द श्वासासारखा बाहेर पडला होता, त्यांना तो आता येईना.

"राहू दे रे," वसंतराव घाम पुसत खुर्चीत बसले. "गेला तो. चार दिवस टाकला होता, गेला."

असू द्या सर, म्हणून स्वरूपनं सॅकची चेन लावायला घेतली. मोबाईल टेबलावर तसाच चालू राहिला होता.

आतून शुभाताईंची हाक आली. "अहो, ऐकलं का?"

"आलोच," वसंतराव म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

स्वरूपचा हात चेनवर थांबला. त्यानं हळूच मोबाईल उचलला आणि छातीशी धरला, कुणी काढून घेईल अशा भीतीनं.

चष्मा हातात होता हे कळायला वसंतरावांना थोडा वेळ लागला. ते स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. दूध फ्रिजमध्ये होतं. शुभाताई पाटावर नुसत्याच बसल्या होत्या, हातात काही नव्हतं.

"काय गं? काय हवंय?"

"काही नाही," शुभाताई म्हणाल्या. "चार दिवस झाले, ऐकलं नव्हतं."